लाइन येईपर्यंत

काल दुपारी स्वयंपाकघरातला मिक्सर आपोआप सुरू झाला. लाइन गेलेली होती. नातीनं सकाळी चटणी वाटली होती आणि बटन तसंच खाली ठेवून ती वर निघून गेली होती. मी ओटा पुसत होते. फडकं मिक्सरच्या कडेनं फिरत होतं. भांडं लावलेलं होतं, झाकण बाजूला पडलेलं होतं, आत काही नव्हतं. लाइन आली आणि रिकामं भांडं एकदम ओरडायला लागलं. माझा हात मागं आला तो थेट छातीशी. मी बटन बंद केलं नाही. मला ते सुचलंच नाही. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि ऐकत राहिले, जणू ते थांबवणं माझ्याकडे नाहीच. नात जिन्यावरून धावत आली, तिनं बटन वर केलं, आणि लागलं का म्हणून विचारलं. मी दोन्ही हात उलटे-सुलटे करून दाखवले. ती हसली. मग हसता हसता थांबली आणि म्हणाली, दादी, तू लिहितेस उजव्या हातानं, जेवतेस उजव्या हातानं, मग ओटा पुसताना, गॅस पुसताना दर वेळी डावा हात का? मी म्हटलं, सवय आहे. तिला चहा हवा होता, मी चहा ठेवला. गॅस पेटवण्याआधी बर्नरवरून पुंजणी फिरवली. मऊ लोकरीची ती छोटी केरसुणी आमच्या जैन घरांत चुलीपाशी असतेच. विस्तव लावण्याआधी, दळण घालण्याआधी तिथं बसलेला जीव हळूच बाजूला करायचा, हा तिचा उपयोग. ती माझ्या डाव्या हातात होती. नात बघत होती हे मला कळत होतं.

नात घरूनच काम करते. वाशीमच्या आमच्या घरातल्या माडीवर बसून ती कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या कंपनीची मशीनं सांभाळते. ती मशीनं तिनं कधी पाहिलेली नाहीत. काल तिचं मन थाऱ्यावर नव्हतं, कारण तिला वरच्या साहेबाची बोलणी खावी लागली होती. चहा पिता पिता तिनं ते सांगितलं. एका मशीनवर एक काम सारखं चालू होतं आणि त्यामुळं दुसऱ्या कामांचे आकडे बिघडत होते, म्हणून तिनं मागच्या आठवड्यात ते बंद केलं. मशीन चालूच राहिलं, काम बंद राहिलं, सगळे निर्धास्त. रात्री मशीन बंद होऊन पुन्हा उठलं, आणि ते काम आपलं आपण सुरू झालं. सकाळपर्यंत सगळा घोळ. मी म्हटलं, पण तू तर बंद केलं होतंस. ती म्हणाली, तेच तर. बंद करणं वेगळं आणि उठल्यावर सुरू होऊ नकोस असं सांगून ठेवणं वेगळं. पहिली गोष्ट आत्तापुरती, दुसरी कायमची. मी दुसरी करायला विसरले. मग तिनं मला समजेल अशा शब्दांत सांगितलं की मशीन उठतं तेव्हा एक मुख्य काम पहिल्यांदा जागं होतं, आणि कुणाला उठवायचं, कुणाच्या आधी कुणाला, कुणाला झोपू द्यायचं, हे ते ठरवून ठेवलेलं वाचतं आणि तसं करतं. त्याला मन नसतं. जे लिहून ठेवलंय ते. या सगळ्याला युनिक्सचं घराणं म्हणतात आणि ते तुझ्या लग्नाच्या सुमाराचं आहे दादी, असंही ती म्हणाली, मला बरं वाटावं म्हणून. मी विचारलं, ते ठरवून ठेवलेलं कुणाला बदलता येतं? ती म्हणाली, ज्याच्याकडे मालकाचा हक्क आहे त्याला. मी विचारलं, आणि तू एकदा बंद करून ठेवलंस, पण मालकानंच ते परत चालू करून ठेवलं, तुला न सांगता, तर? ती कप ठेवून उठत म्हणाली, मग काय करणार दादी, मालक आहे तो. आणि वर गेली.

मी तशीच बसून राहिले. चहावर साय धरली. मालक आहे तो, हे ती किती सहज म्हणाली. आमच्या वेळीही सगळे तेच म्हणायचे, फक्त इतकं हसून नाही. माझं माहेर शेलूबाजारचं, रस्त्याच्या कडेला धान्याचं दुकान. एकोणीसशे सत्तरमध्ये लग्न होऊन मी वाशीमला आले तेव्हा सासरी दाल मिल होती. गावात तिला गिरणीच म्हणायचे. घर पुढं, गिरणी मागं, मध्ये फरशीचं अंगण. त्या अंगणात तूर वाळत असायची आणि पायाखाली कायम फोलपटं यायची, अंथरुणातसुद्धा. तुरीला तेल लावून ठेवायचे, त्याचा एक जड वास असायचा. पहिल्या वर्षात तो वास मला जेवणात लागायचा, नंतर लागेनासा झाला, आणि आज पन्नास वर्षांनी रिकाम्या भांड्याच्या आवाजाबरोबर तो परत आला आहे, नाकात नाही, घशात. सासरे नव्हते. सासूबाई जतनबाई, आणि त्यांचा एकुलता एक मुलगा रतनलाल, म्हणजे आमचे हे. आम्ही सगळे सासूबाईंना बाई म्हणायचो. घरात मारवाडी आणि वऱ्हाडी यांची सरमिसळ चालायची. बाई तर कामगारांशी बोलून बोलून वऱ्हाडीच जास्त बोलायच्या.

गिरणी सुरू करण्याची एक रीत होती. लखीराम मिस्त्री ती सांभाळायचा. एकच मोटर, तिच्यावरून लांब दांडा छताखालून गेलेला, आणि दांड्यावरून पट्टे खाली वेगवेगळ्या यंत्रांना. लखीराम म्हणायचा, जे शेवटाले हाय ते आंधी उठवाचं. म्हणजे आधी डाळ वर नेणाऱ्या बादल्या, मग पंखा, मग चाळणी, मग ते दोन खरखरीत दगडी रोल, आणि धान्य सगळ्यांच्या मागून. उलटं केलं तर तूर रोलमधून पडत राहते आणि पुढं नेणारं कुणी जागं नसतं, सगळं तुंबतं. पण लखीरामच्या रीतीच्याही आधी एक रीत होती, ती बाईंची. रात्रभर थांबलेल्या रोलवर तुरीतले बारीक किडे चढून बसतात. दगड गार असतो, त्यावर पीठ असतं. ते तसेच ठेवून गिरणी सुरू केली तर पहिल्याच फेऱ्यात भरडले जातात. म्हणून रोज सकाळी, लखीराम मोटरीला हात लावण्याआधी, बाई पुंजणी घेऊन आत जायच्या. रोलच्या तोंडाचं लाकडी झाकण काढायच्या, हात आत घालून दोन दगडांच्या मधून हळू हळू पुंजायच्या, किडे कागदावर घ्यायच्या आणि निंबाच्या सावलीत डाळीच्या मूठभर चुरीवर सोडून द्यायच्या. बाहेर येऊन म्हणायच्या, हं, चालू द्या. तोपर्यंत गिरणी सुरू होत नसे. घाई असली तरी नाही. मेडशीच्या गाड्या तूर घेऊन दारात उभ्या असल्या तरी नाही. हमाल गमतीनं म्हणायचे, किड्याईची आंघोळ झाली का बाई? बाई म्हणायच्या, तुमची नसन झाली, त्याईची झाली.

त्या काळात लाइन सारखी जायची. कधी जाईल आणि कधी येईल याला धरबंध नव्हता. लाइन गेली की मोटर थांबायची, आणि लाइन आल्यावर कुणीतरी जाऊन स्टार्टरचं हिरवं बटन दाबेपर्यंत ती उठत नसे. ती तशीच घडवलेली असते. यांना ते सहन होत नसे. लाइन आल्यावर लखीराम बिडी विझवून उठणार, पाणी पिणार, बटनापाशी जाणार, तोवर घेवरचंदची गिरणी सुरू झालेली असायची. घेवरचंद म्हणजे शेजारच्या दाल मिलचे मालक, यांचे लहानपणचे मित्र आणि जन्माचे वैरी. एक दिवस यांनी सायकलच्या ट्यूबची एक पट्टी कापली, हिरवं बटन आत दाबलं, वर लाकडाची चिपळी ठेवली आणि पट्टीनं करकचून बांधून टाकलं. आता लाइन आली की कुणी हात न लावता मोटर आपोआप उठायची. हे अंगणात उभे राहून ऐकायचे आणि मला खिडकीतून खुणावायचे, ऐकलं, पैला आवाज आपला. खरंच, साऱ्या ओळीत पहिला आवाज आमच्या गिरणीचा असायचा. मलाही तेव्हा अभिमान वाटायचा. लखीरामला पट्टी आवडली नव्हती. लाइन आल्यावर रोल भरल्यापोटी उठतात, पट्टा तुटून एखाद्याच्या अंगावर जाईल, असं तो सांगायचा. हे म्हणायचे, लखीराम, तुले झोप लागते म्हून पट्टी बांधली. कामगार हसायचे, लखीरामही हसायचा. रात्री गिरणी बंद करताना पट्टी सोडायची आणि सकाळी सुरू झाल्यावर बांधायची, असं ठरलं. म्हणजे बाई सकाळी आत जातात तेव्हा ती नसेल. सगळ्यांनी सगळा विचार केला होता.

बाहत्तरचा उन्हाळा होता. दुपारी लाइन गेली आणि बराच वेळ आली नाही. कामगार भाकर खायला निंबाखाली बसले, हे बाजारात गेले. मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. बाई अंगणातून गिरणीकडे जाताना मला दिसल्या, हातात पुंजणी. मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. नंतर त्यांनी सांगितलं, की गिरणी इतका वेळ थांबली होती, रोल गार झाले असतील, किडे चढले असतील, मग लाइन आल्यावर बिचारे जातील, असं त्यांच्या मनात आलं. रोज सकाळी जे करायचं ते त्यांनी दुपारी केलं. थांबलेली गिरणी त्यांना बंद गिरणीसारखीच दिसली. मला वाटतं कुणालाही तशीच दिसली असती. दोन्हींत आवाज नसतो. दोन्हींत दांडा छताखाली स्वस्थ पडलेला असतो, पट्टे सैल लोंबत असतात, उजेडाच्या तिरिपेत पीठ तरंगत असतं. तांदळातला एक खडा मी बोटांत धरला होता तेव्हा पहिला आवाज आला. आपला. मी अंगणात पाहिलंसुद्धा, हे खुणावतील म्हणून. मग दुसरा आवाज आला आणि तो बाईंचा आहे हे कळायला मला वेळ लागला, कारण बाई कधी ओरडत नसत.

अकोल्याला जीपनं नेलं. उजवा हात मनगटापासून गेला. शुद्धीवर आल्यावर बाईंनी पहिली गोष्ट विचारली ती मला विचारली, कारण मी उशाशी होते. आवाज अगदी नेहमीचा होता. "रोलवर किडे होते, हिरा. त्याईचं काय झालं?" मी म्हटलं, उडून गेले असतील. त्यांनी डोळे मिटले. यांनी पायाशी उभं राहून रडायला सुरुवात केली, तेव्हा बाई म्हणाल्या, कोनाचा दोष नाही, माह्या कर्माचा उदय होता, तो झाला. आणि ते प्रकरण तिथंच मिटलं. भेटायला येणारे तेच म्हणत, हे तेच ऐकत आणि प्रत्येक वेळी थोडे मोकळे होत. मी कोपऱ्यात उभी राहून पाणी द्यायची. मला आमच्या धर्मात शंका नव्हती, अजूनही नाही. पण कर्माच्या त्या मोठ्या शब्दात सायकलच्या ट्यूबची ती पट्टी कुठं बसते, हे मला कळत नव्हतं. त्या पट्टीचं नावच कुणी घेत नव्हतं. जणू ती यांच्या हातांनी बांधलेली नव्हती, दांड्यासारखी, छतासारखी ती तिथं होतीच.

गिरणी पुन्हा सुरू करायची ठरली त्या सकाळी बाईंनी पुंजणी माझ्यापुढं धरली. डाव्या हातानं. उजवा पदराखाली होता. त्या एवढंच म्हणाल्या, आता हे तुह्याकडे. मी पुंजणी घेतली. न घेण्यासारखं काही असतं हेच मला तेव्हा माहीत नव्हतं. पण पाय अंगणातच थबकले. हे स्टार्टरपाशी उभे होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "काढली पट्टी. म्या सोताच्या हातानं काढली. अजून काय पायजे तुले?" आणि खरंच, हिरवं बटन मोकळं होतं. पण पट्टी फेकलेली नव्हती. स्टार्टरच्या शेजारी भिंतीला खिळा होता, त्या खिळ्याला ती लोंबत होती, चिपळीसकट. मी आत गेले. झाकण काढलं. दोन रोल शेजारी शेजारी, मध्ये बोटभर अंधार. दगड धुतलेले होते, तरी मला त्यांच्याकडं बघवेना. मी पुंजणी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. हे मी ठरवून केलं नाही. ते माझ्या आत कुठं तरी ठरलं, माझ्या आधी. उजव्या हातानं पोळी लाटायची असते, पुढं मूल झालं तर त्याला भरवायचं असतं, बाईंची वेणी घालायची असते. एक द्यायचा झाला तर हा, असा हिशेब त्या हातांनी आपसांत करून टाकला. मी नुसती बघत होते. डावा हात आत गेला. किडे होते. मी ते कागदावर घेतले आणि बाहेर येऊन, हं, चालू द्या, म्हटलं तेव्हा माझ्या तोंडून बाईंचा आवाज निघाला.

मग रोज तेच. लोकांना वाटतं भीती कमी होत जाते. माझी वाढत गेली, पण आवाज न करता. रात्री लाइन गेली की मी जागी व्हायची. शेजारी हे शांत झोपलेले असत आणि मी त्यांच्या हातांकडं बघायची. चांगले हात होते. त्या हातांनी त्यांनी मला कधी मारलं नाही, आमच्याकडच्या किती बाया हे सांगू शकत नाहीत. पण ते हात पट्टी बांधायला शिकले होते. बटन दाबा, चिपळी ठेवा, पट्टी ओढा, एवढंच काम, पापणी लवायच्या आत होणारं. खिळ्याला लोंबणारी पट्टी सकाळी मी आत असताना कुणी बांधणार नाही, हे मला कोण सांगणार होतं? त्यांना विचारलं तर ते म्हणत, भरोसा नाही? आणि भरोसा आहे असं म्हटलं की बोलणं संपायचं. मी आत जाताना स्टार्टर बघायची, बाहेर येताना बघायची. पण आत असताना तो दिसत नसे, मध्ये भिंत होती. त्या भिंतीच्या अलीकडं माझा हात आणि पलीकडं ते बटन. आयुष्यात मला कधी कुठली भिंत इतकी जाड वाटली नाही.

लखीराम कधीकधी मेनच्या लोखंडी पेटीतून चिनीमातीचे तीन पांढरे फ्यूज उपसून त्यांची तार बदलायचा. ते मी बघितलं होतं. एका सकाळी लाइन गेलेली होती. मी पेटी उघडली, तिन्ही फ्यूज ओढून काढले, लुगड्याच्या ओटीत बांधले आणि आत गेले. पुंजताना ते पोटाशी जड लागत होते, गार. त्या दिवशी पहिल्यांदा मी किडे नीट पाहिले. तपकिरी, पाठीवर पांढरे ठिपके. किती दिवसांनी मला श्वास घेताना कळलं की मी श्वास घेते आहे. बाहेर येऊन फ्यूज लखीरामच्या हातात दिले. तो हसला. म्हणाला, भाभीजी, आता म्या मिस्त्री का तुमी? मग मी रोजच तसं करायला लागले. गोष्ट हमालांत गेली, हमालांतून बाजारात. घेवरचंदनी यांना भर दुकानात विचारलं, रतनलाल, तुही गिरनी म्हने शेठानीच्या ओटीत राह्यते. लोक हसले. यांनी तो दिवस काढला आणि संध्याकाळी जेवताना, माझ्याकडं न बघता, ताटाकडं बघत सांगितलं की उद्यापासून मेनच्या पेटीला हात लावायचा नाही. बायामाणसांचं ते काम नाही, शॉक लागेल, आणि लोक हसतात. मी वाढत होते.  बाई समोर बसून डाव्या हातानं जेवत होत्या. आम्ही आयुष्यभर डाव्या हातानं जेवणं अशुभ मानलं, आणि आता घरातलं सगळ्यात पवित्र माणूस तसं जेवत होतं आणि कुणाला काही वाटत नव्हतं.  त्या रात्री मी माझा डावा हात उशीखाली ठेवून झोपले, लहान मुलाला कुशीत घ्यावं तसा.

सकाळी पुंजणी घेऊन अंगणात आले तर बाई माझ्या आधीच गिरणीच्या दारात बसलेल्या. रिकाम्या पोत्यांची घडी करून तिच्यावर. म्हणाल्या, "फ्यूज काढ अन् माह्याजवळ दे." मी पेटी उघडली. हे ओसरीवर दात घासत होते, त्यांनी पाहिलं. बोटं तोंडातच राहिली. आईला ते काही म्हणू शकत नव्हते. मी तिन्ही फ्यूज बाईंच्या मांडीवर ठेवले, त्यांनी त्यांवर डावा हात ठेवला आणि मान हलवली. मी आत गेले. त्या दिवसापासून तसंच चालू झालं. बाई दारात, फ्यूज मांडीवर, मी आत. लोक आता हसेनात. बाईंना कोण हसणार? बाजारात म्हणू लागले की जतनबाईंचा नवा नेम आहे. बाईंनीही तसंच म्हणू दिलं. मुलावर अविश्वास हे नाव त्या गोष्टीला कुणी दिलं नाही. मीसुद्धा नाही. मला वाटायचं, त्या माझी भीती समजून घेतात, बस. त्यांना स्वतःला कसली शंका असेल असं मनातही आलं नाही. कर्माचा उदय म्हणणारं माणूस शंका कसली घेणार?

पुढच्या उन्हाळ्यात लाइनीनं फारच छळलं. सकाळी गिरणी सुरू व्हायच्या वेळीच ती गेलेली असायची. त्या दिवशीही गेली होती. लखीराम आदल्या दिवशीच मालेगावला लग्नाला गेला होता, म्हणून हेच गिरणी सुरू करणार होते. बाई दारात बसल्या, मी फ्यूज दिले, झाकण काढलं, डावा हात आत घातला. फ्यूज बाईंपाशी राहायला लागल्यापासून आत जाताना स्टार्टर बघायची सवय मोडली होती. आत नेहमीचा बोटभर अंधार. मी पुंजत होते. आणि लाइन आली. आधी रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण, ती मला कुठंही ओळखता येते. मग कोपऱ्यातला बल्ब, तो वेगळ्या तारेवर होता, तो पेटला. मग घेवरचंदची गिरणी. साऱ्या ओळीत पहिला आवाज त्यांचा. माझा हात आत होता. मला तो काढता आला असता, पण तो हलला नाही. दोन्ही रोल माझ्या बोटांना दोन बाजूंनी लागून होते, गार, खरखरीत, आणि ते हलत नव्हते. मी त्यांचं न हलणं ऐकत होते. असा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. मग दारातून बाईंची हाक आली, माझ्या नावानं नाही. "रतन."

मी बाहेर आले. बाई उठून स्टार्टरपाशी उभ्या होत्या, फ्यूज पदरात धरलेले. हिरव्या बटनावर चिपळी होती आणि चिपळीवर पट्टी. करकचून. खिळा मोकळा होता. हे अंगणातून आले आणि बघून थांबले. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. पकडलं गेलेल्या माणसाचा नव्हता तो. त्यांना ते नवीन होतं. आपलं काही तरी भलतीकडं पडलेलं दिसावं तसे ते पट्टीकडं बघत होते. म्हणाले, लखीरामनं बांधली असन. बाई म्हणाल्या, लखीराम कालपासून मालेगावले हाय.  घेवरचंदची गिरणी चालू होती. बाई हळूच बोलल्या, पण मी ऐकलं, आणि यांनी ऐकलं.

"माह्या वक्ती तुले मालूम नवतं का मी आत हावो. म्हून म्या कर्म म्हनलं. ही आत हाय, हे तुले मालूम हाय."

 यांनी खिशातून चाकू काढून पट्टी कापली. तुकडे हातात धरून उभे राहिले, कुठं टाकावेत हे न कळल्यासारखे. त्यांना आठवत नव्हतं. हे मी तेव्हाही मानलं आणि आजही मानते. सकाळी उठून, दात घासून, मोटरीपाशी जाऊन, लाइन नाही हे बघून त्यांच्या हातांनी जे करायची सवय होती ते केलं, आणि त्यांच्या मनाला त्याची खबर नव्हती. मी चाळीस वर्षं त्यांच्याबरोबर संसार केला. ते चांगले होते. पण त्यांना आठवत असतं तर मला सोपं गेलं असतं का, यावर मी किती रात्री घालवल्या याला मोजदाद नाही. मुद्दाम केलं असतं तर मी एका माणसाला घाबरले असते. इथं कुणी नव्हतंच. एक ठरवून ठेवलेली गोष्ट होती आणि लाइन आली की ती उठत होती.

बाई पुन्हा पोत्यांवर बसल्या. फ्यूज मांडीवर ठेवले, तिन्ही चाचपून पाहिले. पुंजणं अर्धं राहिलं होतं. मला म्हणाल्या, "जाय, हिरा. आता उजवा हात घाल. मी बसली हावो ना." म्हणजे त्यांना माहीत होतं. मी कुठला हात घालते आणि का, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी आत गेले. हे दारात बाईंच्या शेजारी उकिडवे बसले होते, मुठीत पट्टीचे तुकडे. मेनची पेटी उघडी, फ्यूज बाईंच्या हाताखाली, पट्टी कापलेली. आता भ्यायचं काही उरलं नव्हतं, हे मला पुरतं कळत होतं. मी पुंजणी उजव्या हातात घेतली. हात रोलच्या तोंडापर्यंत गेला आणि तिथं थांबला. मी त्याला सांगितलं. तो जाईना. एक किडा दगडाच्या कडेवर येऊन मिशा हलवत होता. मी पुंजणी डाव्या हातात घेतली, तेव्हा तो हात माझी वाट न बघता आत गेला. मागं दारात बाई बघत होत्या.  फक्त मांडीवरचे फ्यूज एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज आला, त्यांनी ते जास्त घट्ट धरल्याचा.